मॅडमला तुझं नाव माहीत आहे का?

अगं, तू पाठवलेलं ऑनलाइन नर्सिंग कोर्सचं माहितीपत्रक दोनदा वाचलं. फी किती, हप्ते किती, ॲप कसं उतरवून घ्यायचं, व्हिडिओ कितीदा बघता येतील, सगळं त्यात आहे. पांढऱ्या कोटातल्या हसऱ्या पोरींचे फोटोही आहेत. शिकवणार कोण, तेवढं मात्र कुठंच नाही. मोठी बहीण म्हणून मला आधी तेच विचारायचं आहे. तुला शिकवणाऱ्या मॅडम कोण आहेत? त्यांच्या हाताखाली पोरी किती? आणि महिन्याभरानं त्या तुला नावानं ओळखतील का?

तू म्हणशील, ताई, व्हिडिओ चांगला असला म्हणजे झालं, ओळखीचं काय एवढं! ते एवढं का, हेच आज सांगायचं आहे.

मी काही ऑनलाइन शिक्षणाच्या विरोधात नाही हो. सेमाडोहात राहून पुढं शिकायचं म्हटलं तर दुसरा रस्ता तरी कोणता? एकीकडे परतवाडा, दुसरीकडे धारणी, मध्ये घाट आणि व्याघ्र प्रकल्पाचं जंगल. अमरावतीत खोली करून राहावं तर नोकरी सुटते, लेकरू सुटतं. पावसाळ्यात सिपना भरली की इकडचं माणूस इकडे आणि तिकडचं तिकडे. अशा ठिकाणी मोबाइलमधून वर्ग घरात येत असेल तर तो यावाच. मी स्वतः जीएनएमनंतर पोस्ट बेसिक बीएस्सी नर्सिंग नोकरी सांभाळूनच केलं, दूरशिक्षणानं. इग्नूनं तो अभ्यासक्रम १९९४ साली सुरू केला, आपल्यासारख्या नोकरीतल्या नर्सेससाठीच. पुस्तकं पोस्टानं यायची, असाइनमेंट लिहून पाठवायची आणि प्रात्यक्षिकाला मात्र ठरलेल्या हॉस्पिटलात हजर राहायचं, तिथं सूट नाही. त्या असाइनमेंटच्या समासात कोणी लाल शाईनं दोन ओळी लिहिलेल्या असल्या, की पुढचा गठ्ठा उघडायला हात आपोआप जायचा. नुसते गुण लिहून आलेला कागद तसाच फायलीत जायचा. आता शाईच्या जागी व्हॉट्सॲप आलं, बाकी फरक नाही.

जगभर हे लोकांनी तपासूनही बघितलं आहे. हार्वर्ड आणि एमआयटीच्या फुकट ऑनलाइन कोर्सेसचा हिशोब २०१९ साली ‘सायन्स’ या नियतकालिकात आला होता. २०१७-१८ मध्ये नाव नोंदवलेल्यांपैकी शेवटपर्यंत पोचलेले साधारण ३ टक्के. एवढी मोठी विद्यापीठं, एवढे नावाजलेले प्राध्यापक, व्हिडिओ तर सिनेमासारखे. पण समोरच्या हजारोंतलं कोण मागं पडलं, ते बघायला कोणी नव्हतं. फुकटाचं म्हणून नुसतं नाव घालून ठेवणारेही त्यात असणारच, ते मान्य. तरी आकडा बोलायचं ते बोलतोच. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठातल्या गॅरिसन, अँडरसन आणि आर्चर या तिघांनी २००० साली ऑनलाइन वर्गाबद्दल जी मांडणी केली, तिच्यात शिक्षकाचं ‘असणं’ हा एक खांबच धरला आहे. वर्गात बाई खुर्चीवर दिसते, म्हणून ती आहेच. पडद्यावर तसं नाही. तिथं तिनं बोलून, विचारून, तपासून, टोकून आपण आहोत हे दाखवावं लागतं.

आणि नर्सिंगमध्ये तर हे जास्तच लागतं. इतिहासाच्या पेपरात सन चुकला तर गुण जातो. आपल्याकडे काय जातं, ते तुला सांगायला नको.

माझ्या ओळखीची एक पोरगी होती, ॲपवर कोर्स करणारी, हुशार, चटपटीत. सलाइनचं गणित होतं: ५०० मिली, ४ तासांत द्यायचं, मिनिटाला थेंब किती? तिनं १२५ लिहिले. ॲपनं लाल फुली दाखवली, बरोबर उत्तर ४२ म्हणून सांगितलं आणि पुढचा प्रश्न आणला. तिनंही ‘४२’ पाठ करून टाकलं. ॲपचं काम संपलं. मॅडमनं मात्र तो पेपर उघडून बघितला आणि तिला फोन लावला. ‘उत्तर सोड, तू केलं कसं ते सांग.’ तेव्हा कळलं, की तिचा भागाकार अगदी बरोबर होता. तासांची मिनिटंही बरोबर केली होती, २४०. फक्त तिनं १ मिलीचे ६० थेंब धरले होते. ६० हे लहान मुलांच्या मायक्रो सेटचे. साध्या सेटचे २०. तिच्या उपकेंद्रात कोणीतरी मायक्रो सेटच दाखवला होता, म्हणून तिच्या डोक्यात सेट म्हणजे ६० हेच बसलेलं. मॅडम म्हणाल्या, ‘आता मला सांग, साध्या सेटवर तू १२५ थेंबांनी सोडलंस तर बाटली कधी संपेल?’ तिनं मांडलं. ८० मिनिटं. चार तासांची बाटली दीड तासाच्या आत. ‘आणि ती बाटली हृदय कमजोर असलेल्या आजीला लागली असेल तर?’ पोरगी गप्प. त्यानंतर ती सेटच्या पाकिटावरचा आकडा वाचल्याशिवाय सलाइनला हात लावत नाही.

बघ आता. चूक दोघांनाही दिसली, ॲपलाही आणि मॅडमलाही. चूक आली कुठून, ते फक्त मॅडमला दिसलं, कारण त्यांनी विचारलं. विद्यार्थ्याचं यश म्हणतात ते मला इथं दिसतं. परीक्षेतले गुण वाढले का? वाढलेही असतील. पण सिस्टर म्हणून ती विश्वासाची झाली, ते त्या एका फोनमुळे.

दुसरं, हाताचं शिक्षण. लोक म्हणतात ऑनलाइन हात शिकवता येत नाही. अर्धं खरं आहे. पेशंटच्या उशाशी उभं राहूनच काही गोष्टी येतात, त्याला पर्याय नाही आणि असूही नये. पण शिकवणारी लक्ष देणारी असली तर मोबाइलवरूनही बरंच होतं. दंडघेर मोजण्याचंच घे. आपल्या मेळघाटात त्या टेपइतकं महत्त्वाचं दुसरं हत्यार नाही. सहा महिन्यांपासून पाच वर्षांपर्यंतचं मूल, टेप ११.५ सेंटिमीटरच्या खाली गेली तर सॅम, म्हणजे तीव्र कुपोषण, ११.५ ते १२.५ च्या मध्ये असली तर मॅम, म्हणजे मध्यम. व्हिडिओत अगदी सोपं दिसतं. एका मॅडमनं पोरींना सांगितलं, घरातल्याच लेकराचा दंड मोजा, नुसत्या हाताचा व्हिडिओ काढा आणि मला पाठवा. आणि आलेला प्रत्येक व्हिडिओ त्यांनी बघितला. एकीला उत्तर आलं: ‘बाळाचा हात कोपरात वाकलाय. सैल खाली सोड. खांदा ते कोपर मोजून मध्य काढलास का, की नजरेनं धरलास? आणि टेप ओढू नको, कातडीला सुरकुती पडतेय. परत पाठव.’ दुसऱ्यांदा पाठवला, तर त्यात टेप सैल. ‘परत.’ तिसऱ्यांदा जमलं.

टेप ओढली तर धडधाकट लेकरू कुपोषितांच्या यादीत जातं. सैल सोडली तर खरंच वाळलेलं लेकरू यादीतून सुटतं, ग्राम बालविकास केंद्रात त्याचं नाव लागत नाही, आणि मग ते कुठं सापडतं ते आपल्याला माहीत आहे. १९९३ पासून मेळघाटातल्या बालमृत्यूंच्या बातम्या येतात, समित्या येतात, आकडे येतात. त्या सगळ्याच्या बुडाशी कोण्या सिस्टरनं, कोण्या अंगणवाडीताईनं टेप कशी धरली, हे असतंच की. ती धरायला शिकवणारीनं ‘परत पाठव’ म्हणायला हवं ना! (व्हिडिओ काढताना एक पाळ. पेशंटचा कधीच नाही. घरच्या लेकराचा काढलास तरी चेहरा नको, आणि तो ग्रुपवर टाकायचा नाही, फक्त मॅडमला.)

म्हणूनच सांगते, लाड करणाऱ्या मॅडम आणि लक्ष देणाऱ्या मॅडम यांत गल्लत करू नको. काही जणी रोज सकाळी फुलांचा फोटो टाकून ‘गुड मॉर्निंग स्टुडंट्स’ करतात, सगळ्यांना दहापैकी नऊ देतात, कोणाला दुखवत नाहीत. पोरी खूश. माझ्या मते त्या शिकवतच नाहीत. जी तुझी वही परत पाठवते, ती तुझी वही वाचते. तिचा राग आला तरी तिला धरून राहा.

आता चांगल्या मॅडमचं आणखी एक लक्षण. ती तुझ्या गावाबद्दल विचारते. पुस्तक लिहिणाऱ्याला सेमाडोह माहीत नसतं, कोरकू घर कसं असतं ते माहीत नसतं. सामुदायिक आरोग्याच्या असाइनमेंटमध्ये बहुतेक पोरी पुस्तकातली उत्तरं उतरवतात: जनजागृती करावी, पोस्टर लावावेत, पथनाट्य करावं. शहरातल्या एका मॅडमनं आपल्याकडच्या एकीला विचारलं, ‘हे सगळं राहू दे. तुमच्याकडे बाळाचं पोट फुगलं तर आई आधी कुणाकडे नेते?’ मग तिनं खरं लिहिलं. भुमक्याकडे, म्हणजे गावच्या वैदूकडे नेतात. कधी डंबा देतात, म्हणजे तापलेल्या लोखंडानं पोटावर चटके. मॅडमनं डोक्याला हात लावला नाही. ‘किती हे मागासलेपण’ असंही लिहिलं नाही. त्यांनी पुढचा प्रश्न विचारला: ‘त्या भुमक्याशी तू कधी बोललीस का? तो तुझ्याकडे पेशंट पाठवेल, असं काय करता येईल?’ आरोग्य खात्यानंही भुमक्यांना सोबत घ्यायचे प्रयत्न केलेच आहेत, त्यामुळे प्रश्न काही हवेतला नव्हता. पण पोरीला तो स्वतःचा वाटला. ती गेली, बोलली, लिहून आणलं. जिला आपण नुसत्या ‘मागास भागातल्या’ आहोत असं वाटायचं, तिच्या ध्यानात आलं की वर्गातल्या कोणाला माहीत नाही ते तिला माहीत आहे. त्यानंतर ती तासाला गप्प बसली नाही.

लांबूनही शिकवता येतं, याचा मला सगळ्यात पटलेला दाखला अमेरिकेतला आहे. न्यू मेक्सिको हे तिथलं विरळ वस्तीचं राज्य, खेडी लांब लांब. डॉ. संजीव अरोरा हे भारतातून तिकडे गेलेले यकृताचे डॉक्टर. हेपेटायटिस सीचे पेशंट त्यांच्याकडे शेकडो मैलांवरून यायचे, महिनोन्‌महिने नंबर लागायचा नाही. २००३ साली त्यांनी ‘इको’ म्हणून काम सुरू केलं. दर आठवड्याला खेड्यातले डॉक्टर-नर्सेस व्हिडिओवर जमायचे, प्रत्येकानं आपला खरा पेशंट मांडायचा, नाव न घेता, आणि तज्ज्ञांनी त्यावर बोलायचं. भाषण नाही, पेशंटवर बोलणं. २०११ साली त्याचा अभ्यास ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आला. विद्यापीठाच्या मोठ्या दवाखान्यात ५७.५ टक्के पेशंट बरे झाले, आणि ‘इको’शी जोडलेल्या लांबच्या ठिकाणी ५८.२ टक्के. म्हणजे तोडीस तोड! पडदा तोच, इंटरनेट तेच. पण पलीकडचा माणूस दर आठवड्याला तुझ्या पेशंटचं पुढं काय झालं ते विचारत होता. ही पद्धत भारतातही आली, बंगळुरूच्या निम्हान्सनं ती मानसिक आरोग्यासाठी वापरली. तुझ्या वाट्याला असा वर्ग आला तर सोडू नको. रेंजसाठी टेकडी चढावी लागली तरी चढ.

याच्या उलट काय असतं, तेही आपण बघितलंच आहे. कोविडमध्ये एप्रिल २०२० पासून सरकारच्या आयगॉट-दीक्षावर कोर्सेसचा पाऊस पडला. वेळ तशी होती, दोष कोणाला नाही. पीपीई कसं घालायचं, ते हजारो जणींना एकदम सांगायला दुसरा उपायही नव्हता. पण खरं सांग, इकडे भाकरी थापतोय आणि तिकडे व्हिडिओ चाललाय, शेवटी प्रश्नांवर बोट ठेवलं की प्रमाणपत्र, असं किती जणींनी केलं? फरक बघायचा तर समुदाय आरोग्य अधिकाऱ्यांच्या सहा महिन्यांच्या कोर्समधून आलेल्या पोरींशी बोल. ज्यांना तिथं जीव ओतणारी मेंटर मिळाली, त्यांचं बोलणंच वेगळं असतं.

बरं, मॅडम चांगल्या असणं आपल्या हातात नाही. त्यांना आपल्याकडे वळवणं मात्र थोडं आपल्या हातात आहे, आणि इथंच आपल्याकडच्या पोरी मागं राहतात. लाजतात. ‘मॅडमले काहून तरास द्यायचा’ म्हणतात. अगं, त्रास कसला, त्यांचं काम आहे ते!

पहिल्याच आठवड्यात मॅडमना एक नीट मेसेज कर. मी अमुक, सेमाडोहहून, अमुक ठिकाणी ड्यूटी, आमच्याकडे रेंज येते-जाते, लाइव्ह तासाला मी मधेच गायब झाले तर झोपले असं समजू नका, रेकॉर्डिंग बघून दुसऱ्या दिवशी प्रश्न पाठवीन. एवढंच. नाहीतर त्यांना पडद्यावर फक्त एक काळा चौकोन दिसतो आणि ‘ही पोरगी कधीच नसते’ एवढंच त्यांच्या लक्षात राहतं. हरिसालला २०१६ साली पहिलं डिजिटल गाव म्हणून केवढा गाजावाजा झाला, तेही आपल्याच रस्त्यावरचं. बाहेरच्या माणसाला वाटतं आता मेळघाटात सगळीकडे नेट धो-धो वाहतं. सांगितल्याशिवाय त्यांना कसं कळणार?

प्रश्न विचारायचा तर ‘मॅडम, समजलं नाही’ असं लिहू नको. त्याला कोणी काय उत्तर देणार! इथपर्यंत समजलं, पार्टोग्राफवर ४ सेंटिमीटरची खूण कुठं करायची ते समजलं, पण अलर्ट लाइन ओलांडली तर आधी फोन करायचा की आधी रेफरची गाडी बोलवायची, तिथं अडले, असं लिही. वहीचा फोटो जोड. असा प्रश्न आला की थकलेली मॅडमसुद्धा उत्तर देते. आणि इंग्रजी जमत नसेल तर मराठीत विचार. पुस्तकं इंग्रजीत आहेत म्हणून शंकाही इंग्रजीतच यायला पाहिजे, असा कुठं कायदा नाही. आपल्यातल्या कितीतरी पोरींची घरची भाषा कोरकू, शाळेची मराठी, पुस्तकाची इंग्रजी. तिसऱ्या भाषेत अडखळणारी पोरगी मठ्ठ नसते, हे तू आधी स्वतःला सांग.

आणखी एक, हे फक्त तुझ्या-माझ्यात. घरचे. सून मोबाइल घेऊन बसली की सासूबाईंना ती टाइमपासच करते असं वाटतं. ‘दिवसभर मोबाइलातच तोंड घालून असते, हे कोनतं शिक्षन वं?’ मी अशा दोन-तीन घरांत बघितलं आहे, की मॅडमनं एकदा घरी फोन करून सासूबाईंशी बोलून घेतलं, ‘तुमची सून चांगली शिकते, तिला संध्याकाळचा एक तास द्या’ म्हटलं, आणि घरातलं वारं बदललं. बाहेरच्या मोठ्या माणसाच्या शब्दाला आपल्याकडे वजन असतं. लाजू नको, मॅडमना तसं सांगून बघ. कोर्स मध्येच सुटण्याचं कारण अभ्यास असतो असं लोकांना वाटतं. आपल्याकडे बरेचदा तो एक तास न मिळणं हेच कारण असतं.

आणि मॅडम काही केल्या वळल्याच नाहीत तर? तर जवळ शोध. आपल्या पीएचसीतल्या एलएचव्ही मॅडम, जुन्या स्टाफ नर्स, ज्यांच्या हाताखालून शेकड्यानं बाळंतपणं गेली, त्यांच्यापाशी वही घेऊन जा. ‘मॅडम, एकदा माझ्याकडून करून घ्या’ म्हण. बहुतेक जणींना कोणी असं विचारलेलंच नसतं, खूश होतील. हरिसाल, चिखलदरा, धारणीकडच्या तुझ्यासारख्याच कोणी त्या कोर्सला असतील तर आपला छोटा ग्रुप करा. पण नुसता मैत्रिणींचा ग्रुप म्हणजे चुकीचं उत्तरही सगळ्या मिळून पाठ करतात. त्यात एक तरी जाणती हवीच.

हे शिकवणाऱ्या कोणी मॅडम वाचत असतील, तर त्यांनाही एक सांगते. मला कळतं, तुमच्याकडे साठ-साठ पोरी असतात, वर संस्थेची कागदपत्रं, तपासणी, स्वतःचं घर. साठ जणींना रोज फोन कोणीच मागत नाही. पण ज्या पोरीची असाइनमेंट दोनदा आली नाही, तिला एकदा विचारा, ‘काय झालं?’ गैरहजेरीचा शेरा मारायच्या आधी. आणि ज्या संस्था एका शिक्षिकेच्या गळ्यात तीनशे पोरी बांधतात आणि वर तिलाच लक्ष देत नाही म्हणतात, त्यांच्याबद्दल मी काय बोलू. फी तीनशेंची घेता, तर माणसं तेवढी नेमा.

तर फॉर्म भरायच्या आधी तीन फोन कर. एक संस्थेला: मॅडम कोण, पोरी किती, प्रात्यक्षिक कोणत्या हॉस्पिटलात, शंकेचं उत्तर किती दिवसांत. गोल गोल बोलले तर समजून जा. दुसरा तिथून मागच्या वर्षी शिकलेल्या एखाद्या पोरीला. तिला फक्त एवढंच विचार: मॅडमला तुझं नाव माहीत होतं का? तिसरा महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलला, त्या कोर्सला मान्यता आहे का म्हणून. कारण ‘घरबसल्या एएनएम, घरबसल्या जीएनएम’ अशा जाहिराती आता परतवाड्याच्या स्टँडपासून मोबाइलपर्यंत सगळीकडे दिसतात, आणि तुझ्या धाकट्या बहिणीलाही त्या दिसत असणार. तिला आत्ताच सांगून ठेव: ते दोन्ही कोर्स कॉलेजात आणि वॉर्डात उभं राहूनच होतात. घरबसल्या मिळालेल्या कागदावर कौन्सिल नोंदणी देत नाही, आणि नोंदणीशिवाय कोणी नर्स होत नाही.